साडेचार गुणिले शंभर

सेलेरॉन ३००ए आणि पेंटियम टू ४५० हे दोन्ही प्रोसेसर इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये एकाच वेळी बाजारात आणले. हजाराच्या लॉटमध्ये पहिल्याचा भाव १४९ डॉलर, दुसऱ्याचा ६६९. डॉलर तेव्हा ४२-४३ रुपयांच्या घरात होता. म्हणजे कस्टम आणि दुकानदाराचा नफा धरायच्या आधीच दोघांमधलं अंतर बावीस हजारांच्या आसपास. आमच्या घरी एवढे पैसे प्रोसेसरवर घालणं शक्यच नव्हतं. तरीही १९९९ मध्ये ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ४५० मेगाहर्ट्झवर चालणारा कॉम्प्युटर उभा राहिला. तो कसा उभा राहिला ते लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे.

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डवरच्या बसचा (भागांना जोडणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले प्रोसेसरच्या आतला मल्टिप्लायर, म्हणजे गुणक. ३००ए साठी बस ६६ मेगाहर्ट्झची आणि मल्टिप्लायर साडेचारचा, म्हणून तीनशे. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकणारे त्या काळी पुष्कळ होते. तेही एक कारण होऊन इंटेलने मल्टिप्लायरला आतूनच कुलूप घातलं होतं. पण बस मदरबोर्डवर असते आणि मदरबोर्ड आपल्या हातात असतो. बस शंभरवर नेली की साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते. हे गणित पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी रात्रभर जागी होते.

त्यातली खरी गंमत कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत होती. एप्रिल १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅश नव्हतीच, आणि तो त्यामुळे रडत-खडत चालायचा. ३००ए मध्ये इंटेलने १२८ केबी कॅश थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर बसवली, पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची कॅश ५१२ केबीची, पण वेगळ्या चिपवर आणि निम्म्या वेगाची. म्हणजे ४५० वर पोचलेल्या ३००ए ची कॅशही ४५० वर, आणि महागड्या पेंटियम टूची २२५ वर. आकाराने लहान असूनही ती बऱ्याच कामांत बरोबरी करायची.

माझा मावसभाऊ गोखले रोडच्या एका गल्लीत कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचा. खरेदी त्याच्याबरोबर. ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. दर दुकानात झेरॉक्स काढलेली भावाची यादी मिळायची आणि ती दुपारपर्यंत जुनी व्हायची. दादा बोलणी करायचा आणि मी चिपवरचा छापील कोड वाचायची. सगळे ३००ए सारखे नसत. कुठला कोड, मलेशियाचा की कोस्टारिकाचा, कुठल्या आठवड्यातला, यावर तेव्हा लोक तासन्‌तास बोलत. दुकानदाराला सांगून तीन-चार पीस काउंटरवर मांडून घ्यायचे आणि त्यातला एक उचलायचा. दुकानदार वैतागायचा.

"ताई, सगळे एकच आहेत. घ्या कुठलाही."

"मग हाच द्या, काका."

बोर्ड अबिटचा बीएच६, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा. त्याला जंपर, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या टोप्या, हलवत बसावं लागत नसे. बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्येच, बसचा वेग आणि प्रोसेसरचं व्होल्टेज बदलता यायचं. दादाच्या एका गिऱ्हाइकाकडे साधा बोर्ड होता, तो बसचा वेग स्वतःच ओळखायचा आणि बदलू द्यायचा नाही. त्यावरही उपाय होता. स्लॉट वन नावाच्या खाचेत बसणाऱ्या या प्रोसेसरच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्यातली बी२१ नावाची पट्टी बोर्डाला सांगते, मी ६६ चा. ती एकच पट्टी नेलपॉलिशने किंवा चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकली की बोर्ड समजतो, शंभरचा आहे. माझ्या मावशीची नेलपॉलिश त्या कामी आली. नवीन पिढीतल्या मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं.

रॅम मात्र जपून घ्यावी लागायची. शंभरची बस म्हणजे रॅमही शंभरवर. चिपवर शेवटी ८ असेल तर आठ नॅनोसेकंदांची, ती बहुधा चालायची. १० लिहिलेल्या कांड्यांचा भरवसा नसे. आम्ही ६४ एमबीची एक आठवाली घेतली.

आता मुख्य भाग.

पहिल्यांदा सगळं कंपनीच्या सेटिंगवर, म्हणजे ३०० वर, चालवून पाहिलं. विंडोज ९८ टाकलं, दिवसभर वापरलं. आधी सरळ चालतंय याची खात्री नसेल तर पुढे काय बिघडलं ते कळणारच नाही, हा दादाचा नियम, आणि तो मी अजून पाळते. मग डिलीट दाबून बायोसमध्ये शिरले. वाटेत ७५ आणि ८३ अशा पायऱ्या होत्या. बऱ्याच जणांना वाटायचं की हळूहळू चढावं, आधी ७५, मग ८३, मग १००. इथे उलट होतं, आणि या धंद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. हार्ड डिस्क, साउंड कार्ड, मोडेम हे सगळं पीसीआय नावाच्या दुसऱ्या बसवर, आणि तिचा नेमून दिलेला वेग ३३. बोर्ड तो वेग मुख्य बसला भागून काढतो. ६६ ला दोनाने भागून ३३. ७५ वर साडेसदतीस, ८३ वर जवळजवळ ४२; तिथे हार्ड डिस्कवरचा डेटा खराब होऊ शकतो. शंभरवर मात्र बोर्ड तीनाने भागतो, आणि पुन्हा ३३. म्हणजे प्रोसेसरवर सर्वात जास्त ताण असलेली पायरी बाकी सगळ्या भागांना सर्वात सुखाची. अर्ध्या धैर्यात धोका जास्त होता. मधल्या पायऱ्या सोडून थेट शंभर केलं.

पडदा काळा. कीबोर्डवरचा एक दिवा लागून विझला आणि पुढे काही नाही. अशा वेळी इन्सर्टचं बटण दाबून ठेवून मशीन चालू केलं की बोर्ड सुरक्षित सेटिंगवर येतो. तेही नाही जमलं तर बोर्डवरचा, सेटिंग पुसणारा सीमॉसचा जंपर. आलं परत. व्होल्टेज दोन होतं, ते २.०५ केलं. पुन्हा शंभर. या वेळी तो एकच बीप, मेमरी मोजणारे आकडे आणि वर पांढऱ्या अक्षरांत ४५०. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली ती लागली चांगली.

पण विंडोजचा लोगो येईपर्यंतच. नंतर निळा पडदा. २.१ वर विंडोज उघडलं. गेमही चालला. बहुतेक लोक इथे थांबत आणि गेम चालतो म्हणजे झालं म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. मशीन बंद पडणं परवडतं, पण गुपचूप चुकीचं उत्तर देणारं मशीन परवडत नाही. त्यासाठी प्राइम९५ होतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी सुरू केलेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. त्यातल्या टॉर्चर टेस्टमध्ये प्रोसेसरला प्रचंड मोठे गुणाकार दिले जातात, ज्यांची बरोबर उत्तरं आधीच माहीत असतात. एक अंक इकडेतिकडे झाला की प्रोग्रॅम थांबतो आणि सांगतो, हार्डवेअरमध्ये दोष. सायबर कॅफेतून फ्लॉपीवर तो आणला. २.१ वर तो काही तासांतच थांबला. २.२ वर रात्रभर चालला.

२.२ च्या पुढे जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट, व्होल्टेज एक पूर्णांक एक पट, त्याचा वर्ग एक पूर्णांक एकवीस शतांश. गुणाकार केला तर कंपनीच्या हिशेबाहून सुमारे एक पूर्णांक आठ पट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर काढायची. कंपनीचा पंखा तेवढ्यासाठी बनवलेलाच नव्हता. त्यामुळे आमचं पुढचं सगळं भांडण उष्णतेशी झालं, आणि त्यात बाबा आले.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूल रूमला होते. कॉम्प्युटरमध्ये त्यांना रस नव्हता. मी हीट सिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून पांढरं हीट सिंक कंपाउंड पुसत बसले होते, तेव्हा ते जेवण झाल्यावर शेजारी येऊन बसले. हीट सिंकचा तळ त्यांनी ट्यूबलाइटकडे तिरका धरून पाहिला.

"हे सपाट नाहीये."

"सपाटच आहे की, बाबा. फॅक्टरीचं आहे."

"उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून ते परत आलं, तळावर निळे डाग घेऊन. टूल रूममध्ये एक सरफेस प्लेट असते, अगदी काटेकोर सपाट. तिच्यावर निळ्या रंगाचा पातळ थर द्यायचा आणि वस्तू त्यावर हलकेच फिरवायची. जिथे उंचवटा तिथे निळं लागतं, जिथे खोलगट तिथे लागत नाही. आमच्या हीट सिंकच्या चारही कडांना निळं होतं आणि मधोमध, नेमकी प्रोसेसरची चिप जिथे टेकते तिथे, कोरडं अॅल्युमिनियम. म्हणजे चिप आणि धातू यांच्यामध्ये नुसतं कंपाउंड भरलेलं, आणि कंपाउंड धातूच्या मानाने उष्णता फार कमी वाहून नेतं. ते फक्त बारीक ओरखडे बुजवण्यापुरतं असायला हवं.

त्या रविवारी बाबांनी मला घासायला शिकवलं. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा, त्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर, आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग १०००. हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा. दाब स्वतःचा द्यायचा नाही, वस्तूच्याच वजनाने घासू द्यायचं. थोडं झालं की हीट सिंक पाव वळण फिरवायचं, म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला खात नाही. मी घाई केली की ते काही न बोलता माझं मनगट धरून वेग कमी करायचे. पुन्हा कारखान्यात नेऊन निळं लावून पाहिलं, पुन्हा घासलं. शेवटी निळं सगळीकडे सारखं लागलं. तेच कंपाउंड, यावेळी पसरून जवळजवळ पारदर्शक केलेलं, तोच पंखा, आणि तापमान चार-पाच अंशांनी उतरलं.

घासता घासता बाबांनी विचारलं होतं की कंपनीने तीनशे लिहिलंय तर साडेचारशेला चालतं कसं. मी जे वाचलं होतं ते सांगितलं: एकाच ०.२५ मायक्रॉन प्रक्रियेतून दोन्ही प्रोसेसर निघतात, कंपनी वाईटात वाईट परिस्थिती धरून शिक्का मारते, आणि स्वस्त मालाला मागणी असली की चांगला मालही स्वस्ताच्या शिक्क्याने जातो. ते म्हणाले, "म्हणजे गो, नो-गो गेजसारखं. शाफ्ट गेजमधून गेला की पास. त्यातले काही जेमतेम गेलेले असतात आणि काही इतके सुंदर बनलेले असतात की पाहत राहावं. पण पेटीत दोन्ही एकत्रच पडतात." मी नंतर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत टॉलरन्सवर बरंच वाचलं. इतकं नेमकं कुठे वाचलं नाही.

मे महिना आला आणि रात्रभर चालणारं प्राइम९५ दुपारी दोनला थांबलं.

यातलं शास्त्र साधं आहे. पंखा हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हीट सिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या वर एका ठरावीक अंतरावर धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. जानेवारीच्या पहाटे आमच्या खोलीत तेवीस-चोवीस असायचं, मे महिन्याच्या दुपारी पस्तीस. वरचं अंतर तेच, पण सुरुवातच दहा-बारा अंश वर. तापलेले ट्रान्झिस्टर मंद होतात, त्यांना तोच वेग गाठायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जास्त व्होल्टेज दिलं की ते आणखी तापतात. परदेशातल्या मासिकांमध्ये लोक लिहायचे की त्यांनी ११२ ची बस लावून ५०४ गाठलं. आम्ही ते जानेवारीत गाठलं होतं. मे मध्ये ते ठाण्यात टिकवणं अशक्य होतं. माझ्या वहीत मग दोन रकाने झाले, हिवाळी आणि उन्हाळी. हिवाळ्यात ५०४, उन्हाळ्यात ४५०, कॅबिनेटची बाजू उघडी आणि समोर टेबल फॅन. आई म्हणायची पंखा माणसांसाठी आणलाय. परीक्षेच्या दिवसांत तो माझ्याकडे असायचा आणि बाकीच्या दिवसांत यंत्राकडे.

दादाच्या डोक्यात बर्फाच्या पाण्याचा विचार बरेच दिवस घोळत होता. पेल्टियर नावाची चकती मिळायची, वीज दिली की तिची एक बाजू गार आणि एक गरम होते; तीही त्याने मागवायची ठरवली होती. मी हिशेब मांडला. पावसाळ्यात आपल्याकडे हवेचा दवबिंदू पंचवीसच्या आसपास असतो. त्याखाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार, ग्लासाला धरतं तसं, आणि इथे तो पृष्ठभाग वीज चालू असलेल्या बोर्डाच्या मधोमध. कोरड्या, थंड देशांतल्या लोकांना जे सहज जमत होतं ते खाडीकाठच्या गावात जमणारं नव्हतं. बेत सोडला. हवा आणि घासकाम, हीच आमची हत्यारं राहिली, आणि त्यांनी आम्ही बरंच लांबवर गेलो.

पुढचं मशीन एएमडी ड्यूरॉनचं. ड्यूरॉन जून २००० मध्ये आला. त्याचाही मल्टिप्लायर बंद होता, पण ते कुलूप चिपच्या वरच्या बाजूला उघड्यावर ठेवलेलं होतं. सिरॅमिकच्या पाठीवर एल१ नावाने ओळखले जाणारे चार छोटे पूल होते, प्रत्येकी दोन ठिपके आणि मधलं सोनेरी जोडकाम कारखान्यात तोडलेलं. ते चार पूल पुन्हा जोडले की कुलूप उघडायचं. आणि जोडायचे कशाने, तर पेन्सिलीने. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहतं. माझा धाकटा भाऊ त्या वर्षी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसला होता, त्याच्या पेटीत ६बी होती. एचबीचं शिसं कडक, त्याची रेघ फिकी पडते. ६बी मऊ आणि भरपूर काळी. टोक अगदी बारीक करून, भिंग धरून, दोन ठिपक्यांमध्ये मागे-पुढे. शेजारच्या पुलाला स्पर्श होता कामा नये. चुकलं तर स्पिरिटचा बोळा फिरवून पुसायचं आणि पुन्हा. ६०० चा ड्यूरॉन नऊ गुणिले शंभर, म्हणजे ९०० वर गेला, बसला हातही न लावता. कंपनीने बंद केलेलं दार ड्रॉइंगच्या पेन्सिलीने उघडलं याचा आनंद वेगळाच होता. भाऊ त्या पेन्सिलीने नंतर परीक्षेला गेला आणि त्याला बी ग्रेड मिळाली.

त्या चिप नाजूक होत्या. सिलिकॉन वर उघडं, आणि हीट सिंकची क्लिप इतकी घट्ट की स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवावी लागे. हीट सिंक जरा तिरका टेकला की चिपचा कोपरा उडायचा. आमच्या ओळखीत असे कोपरे उडालेले प्रोसेसर होते. आमच्याकडे ते काम बाबा करायचे. फिटरचा हात, आवाजही व्हायचा नाही.

मग २००३ चा एएमडीचाच बार्टन, अॅथलॉन एक्सपी २५००+. बस १६६ ची २०० केली की तो थेट ३२००+ च्या वेगावर, ना पेन्सिल ना घासकाम. मजा आली, पण आम्ही केलेलं त्यात थोडंच होतं. इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात मी नोकरीत शिरले होते आणि दादाने दुकान लॅपटॉप दुरुस्तीकडे वळवलं होतं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि एक पर्व संपलं. त्यात मूळ घड्याळ एकच, शंभरचं, आणि पीसीआय एक्स्प्रेस, साटा या बाकी भागांच्या जोडण्या, सगळं त्यालाच बांधलेलं. ते थोड्या टक्क्यांहून जास्त हलवलं की बाकीचं कोसळतं. मल्टिप्लायर मोकळा हवा असेल तर नावात के असलेला महागडा प्रोसेसर घ्यायचा. स्वस्तातली चिप निवडून, तिच्यात किती जीव आहे ते शोधून काढायचं, हा मार्ग इंटेलकडे जवळजवळ बंदच झाला. तो बंद झाला याचं मला अजून वाईट वाटतं. पैसे नसलेल्या घरातल्या मुलीला जगातल्या सर्वात वेगवान यंत्रांच्या बरोबरीने बसता येत होतं, आणि त्यासाठी लागायचं ते गणित, संयम आणि थोडा वॉटर पेपर.

आता घोडबंदर रोडला राहते. मुलीसाठी गेल्या वर्षी एएमडी रायझनचं मशीन जुळवलं. ते स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतं: तापमान आणि वीज मोजत, सेकंदात कित्येकदा, शक्य तेवढं वर जातं. वर ढकलायला आमच्यासाठी जागाच ठेवलेली नाही. पण खाली आहे. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय असते, तिथे प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणकाचं) व्होल्टेज थोडं थोडं कमी करता येतं, एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. कंपनीने राखलेली मोकळी जागा अजूनही प्रत्येक चिपमध्ये वेगळी असते, फक्त आता ती या बाजूने शोधायची. व्होल्टेज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे ते स्वतःहून आणखी वर जातं. मुलीने वहीत रकाने आखलेत. गंमत म्हणजे इथे प्राइम९५ पुरत नाही. पूर्ण भारावर स्थिर असलेली कोअर नुसती बसलेली असताना पडते, म्हणून मशीन रात्रभर रिकामंही ठेवून पाहावं लागतं. सगळ्या कोअर उणे पंधरावर टिकल्या आहेत. दोन नंबरची उणे वीसवर पडली, बाकीच्या अजून उतरताहेत. हे सगळे डिसेंबरमधले आकडे आहेत, त्यामुळे मे महिन्यात पुन्हा मोजायचं असं तिने समासात लिहून ठेवलंय.